फोटो कधी पिवळा, कधी निळा: आधी दुखणं ओळखा, मग स्लायडर हलवा

दिव्याखाली काढलेला फोटो कावीळ झाल्यासारखा पिवळा येतो. तोच माणूस खिडकीशी उभा केला की गाल निळसर, निस्तेज दिसतात. कसंबसं सेटिंग बदलून एक फोटो सुधारावा, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच. मीही बरीच वर्षं असे फोटो संगणकावर बसून दुरुस्त करत होतो आणि ज्या प्रकाशात ते काढले त्याच्याकडे बघतच नव्हतो. रंग बिघडायची कारणं मोजकीच आहेत, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कारण न ओळखता रंगाचा स्लायडर हलवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

डोळ्यांवर भरवसा ठेवून कारण सापडत नाही. आपण पिवळ्या दिव्याखाली गेलो की थोड्याच वेळात डोळे आणि मेंदू जुळवून घेतात आणि पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला अशी सवय नसते. त्याच्यावर जसा प्रकाश पडला तसा तो नोंदवतो आणि पांढरं कशाला म्हणायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगणं म्हणजेच व्हाइट बॅलन्स.

आधी एक चाचणी फोटो

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा आणि ५५०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) पक्का करा. आकडा टाकायची सोय नसेल तर सूर्याचं चिन्ह निवडा, मोबाइलवर प्रो मोडमध्ये जा. मग काहीही न सुधारता त्या जागेचे चार-पाच फोटो लागोपाठ काढा. दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेली रंगीत फिल्म साधारण ५५०० केल्विनला जुळवलेली असायची आणि तिच्यात फिरवायला कुठलंच बटण नव्हतं. दिव्याखाली फोटो काढायचा तर लेन्सवर निळा फिल्टर चढवावा लागे आणि ८०ए नावाचा तो फिल्टर दोन स्टॉप प्रकाश खाऊन टाके (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). तेव्हाचे छायाचित्रकार त्यामुळेच प्रकाशाचा रंग आधी बघायचे. आपण कॅमेरा एका आकड्यावर बांधून ठेवला की आपल्यालाही तो तसाच उघडा दिसतो.

आता ते फोटो नीट पाहा. सगळ्या फोटोंत, फोटोच्या सगळ्या भागांत एकच झाक असेल तर दुखणं सोपं आहे: कॅमेऱ्याला प्रकाशाचा रंग चुकीचा सांगितला गेलाय, बाकी काही नाही. एकाच फोटोत एक बाजू निळी आणि दुसरी केशरी असेल, तर तिथे दोन तऱ्हेचे प्रकाश मिसळलेत. झाक पिवळी-निळी नसून हिरवट असेल तर ट्यूबलाइट किंवा हलक्या प्रतीच्या एलईडीवर संशय घ्या, आणि आसपास हिरवी भिंत किंवा गवत नाही ना, हेही बघा. आकडा पक्का असूनही लागोपाठच्या फोटोंत रंग बदलत असेल तर दिवा लुकलुकतोय. आणि चाचणीत रंग स्थिर राहतो, पण एरवी दर फोटोला बदलतो, असं असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतोय.

ऑटोचं थोडक्यात सांगतो. समोरचं सगळं दृश्य सरासरीनं करडं असावं, अशा धाटणीच्या अंदाजावर तो चालतो. मागे मोठी लाल भिंत आली की त्याला वाटतं प्रकाशच लाल आहे, आणि तो चेहऱ्यातला लाल काढून घेतो. चौकट जरा हलवली, भिंत कमी झाली, की अंदाज बदलतो. एकाच जागी, एकाच प्रकाशात दहा फोटो काढायचे असतील तर ऑटो बंद ठेवणं हाच उपाय. चालत्या-फिरत्या प्रसंगात, जिथे प्रकाश दर मिनिटाला बदलतो, तिथे मात्र मी स्वतः ऑटोच वापरतो आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घेतो.

आकडा उलटा का वाटतो

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. दिव्याच्या खोक्यावर ३००० केल्विन लिहिलेलं असतं आणि त्याचा प्रकाश पिवळा असतो. मग कॅमेऱ्यात ३००० टाकलं की फोटो अजून पिवळा व्हायला हवा, असं वाटतं. होतं उलट, फोटो निळा होत जातो. कारण कॅमेऱ्यातला आकडा फोटोचा रंग सांगत नाही. ‘इथला प्रकाश ३००० चा आहे’ एवढंच तुम्ही कॅमेऱ्याला कळवता, आणि तो ते पिवळेपण मारायला निळा रंग वाढवतो. प्रकाश खरोखरच ३००० चा असेल तर दोन्ही फिटतात आणि पांढरं पांढरं येतं. उन्हात उभं राहून ३००० सांगितलंत तर मारायला पिवळं नसतंच, उरतं नुसतं निळं. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधला तापमानाचा स्लायडरही रॉ फाइलवर याच नियमानं चालतो: आकडा वाढला की फोटो पिवळा.

या मोजपट्टीचं मूळ तापवलेल्या वस्तूत आहे. लोखंड भट्टीत घातलं की आधी लाल, मग केशरी, मग पिवळसर पांढरं दिसतं. तापमान वाढत जातं तसा रंग निळ्याकडे सरकतो. म्हणून आपण ज्या प्रकाशाला उबदार म्हणतो त्याचा आकडा लहान आणि थंड म्हणतो त्याचा मोठा. मेणबत्ती १९०० च्या आसपास, घरगुती तारेचा बल्ब २७०० ते २८००, स्टुडिओतले हॅलोजन ३२००, दुपारचं ऊन आणि फ्लॅश ५५०० च्या जवळपास, ढगाळ दिवस ६५०० च्या आगेमागे, मोकळ्या निळ्या आकाशाखालची सावली ७००० ते ८००० आणि कधी त्याहूनही वर. दिव्यातली टंगस्टनची तार साधारण ३६९५ केल्विनला वितळते, तेव्हा ६५०० चा एलईडी तेवढा तापलेला असणं शक्यच नाही. त्याचा रंग तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या रंगाशी जवळपास जुळतो, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. हा ‘जवळपास’ शब्द लक्षात ठेवा, हिरव्या झाकेचं सगळं रहस्य त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट. केल्विनच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. २७०० वरून ३२०० वर गेलं तर रंगात चांगलाच फरक पडतो, ५५०० वरून ६००० वर गेलं तर जेमतेम जाणवतो. दोन्हीकडे फरक ५०० चाच आहे. म्हणून दिवे आणि जेल (दिव्यापुढे लावायचे रंगीत पारदर्शक पडदे) जुळवताना मायर्ड हे माप वापरतात: १० लाखाला केल्विनच्या आकड्यानं भागा. २७०० चे ३७०, ३२०० चे सुमारे ३१२, म्हणजे फरक ५८ मायर्डचा. ५५०० चे १८२ आणि ६००० चे १६७, फरक फक्त १५. वरच्या टोकाला ५८ मायर्डची उडी घ्यायची तर ५५०० वरून थेट ८००० च्या पलीकडे जावं लागतं. पिवळ्या दिव्यात १०० केल्विननं चाचपडणं योग्य, सावलीत तेच करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

एकाच चेहऱ्यावर दोन रंग

वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात चिवट, कारण व्हाइट बॅलन्सनं ती कधीच सुटत नाही.

माझ्या मावशीचा एक फोटो माझ्याकडे आहे. ती खिडकीशी बसली होती, बाहेर ढगाळ दुपार होती आणि खोलीत अंधार वाटला म्हणून मी तिच्या दुसऱ्या बाजूचा टेबललॅम्प लावला. तिथे बसून बघताना सगळं छान दिसत होतं. संगणकावर फोटो उघडला तेव्हा तिचे पांढरेशुभ्र केस भांगापाशी दुभंगल्यासारखे दिसले: खिडकीकडचे निळसर करडे, दिव्याकडचे तांब्यासारखे. मी ६५०० सांगितलं तर खिडकीकडचे केस चांदीसारखे झाले आणि दिव्याकडचा गाल भाजल्यासारखा दिसायला लागला. २८०० सांगितलं तर दिव्याकडचा गाल बरा झाला आणि उरलेला अर्धा चेहरा गारठला. मधला ४००० चा आकडा घेतला तेव्हा दोन्ही बाजू थोड्या थोड्या आजारी झाल्या. व्हाइट बॅलन्स हा अख्ख्या फोटोला एकच हुकूम असतो, त्यामुळे दोन प्रकाशांत तो कुणाला तरी एकालाच न्याय देतो.

तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उत्तर तिच्या चष्म्यातच होतं. एका काचेत खिडकीचा फिकट चौकोन, गजाच्या रेघेसकट. दुसऱ्या काचेत दिव्याचा बारीक पिवळा ठिपका. दोन प्रतिबिंबं, दोन रंग. तेव्हापासून मी फोटो काढण्याआधी समोरच्याच्या चष्म्यात किंवा बुबुळात किती दिवे दिसतात आणि कोणत्या रंगाचे, ते मोजतो. वस्तूंचे फोटो काढत असाल तर एखादा चकचकीत चमचा तिथे ठेवून बघा.

याहून पक्की खूण हवी असेल तर ज्या जागी माणूस बसणार आहे तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. दोन दिवे असतील तर दोन सावल्या पडतील. दिव्यानं पाडलेल्या सावलीत फक्त खिडकीचा प्रकाश पोचतो, म्हणून ती निळसर दिसते. खिडकीनं पाडलेल्या सावलीत फक्त दिव्याचा पोचतो, म्हणून ती केशरी. एवढे दिवस ज्याला आपण पांढरा प्रकाश समजत होतो तो कागदावर फाटून दोन तुकड्यांत दिसतो. खिडकी मोठी असेल तर तिची सावली पुसट पडते, पेन्सिल कागदाला टेकवली की बुडाशी ती नीट दिसते.

सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: दिवा बंद करा. खोली अंधारी वाटते म्हणून हात दिव्याकडे जातो, पण त्याऐवजी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा किंवा माणसाला खिडकीजवळ सरकवा. थोडा दाणेदार पण खऱ्या रंगाचा चेहरा मला दुरंगी गुळगुळीत चेहऱ्याहून केव्हाही चालतो. प्रकाश कमीच असेल आणि दिवा हवाच असेल, तर खिडकीच्या प्रकाशाशी जुळणारा, ५५०० ते ६५०० च्या दरम्यानचा एलईडी वापरा. किंवा पडदा पूर्ण लावून फक्त दिव्यावर काम करा.

फ्लॅश वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. फ्लॅश ५५०० चा, मागची खोली २८०० ची, त्यामुळे माणूस ठीक आणि मागचं सगळं केशरी दलदलीसारखं. इथे मायर्डचं गणित कामाला येतं. फ्लॅशचे १८२, बल्बचे ३५७, फरक १७५. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल, म्हणजे प्रकाश केशरी करणारं जेल, लावलं तर साधारण १६० मायर्डचा फरक पडतो, कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे. म्हणजे फ्लॅशचा प्रकाश २९०० च्या आसपास येतो, बल्बच्या अगदी शेजारी. आता कॅमेऱ्याला २९०० सांगा, दोन्ही एकदमच पांढरे होतील. जेल पाऊण स्टॉपच्या आसपास प्रकाश खातं, तेवढी फ्लॅशची ताकद वाढवावी लागते. मी बऱ्याचदा अर्धं सीटीओ लावतो, कारण संध्याकाळच्या खोलीत मागचा दिवा किंचित उबदार राहिलेला चांगला दिसतो. चेहऱ्यावरचा प्रकाश एका रंगाचा आणि खरा असला की पार्श्वभूमीतला पिवळेपणा दोष वाटत नाही.

फोटो काढून झालेला असेल आणि परत काढता येणार नसेल, तर रॉ फाइलवर मास्क करून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, एका बाजूचं तापमान वेगळं बदला. आधी चेहऱ्यावरच्या मुख्य प्रकाशाला बरोबर करा, मग दुसऱ्या बाजूवर मऊ ब्रश फिरवा. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीखाली, जिथे दोन प्रकाश एकमेकांत मुरतात, तिथे हे काम कधी पूर्ण साधत नाही. मावशीचा फोटो मी शेवटी कृष्णधवल केला. केस एकसंध झाले आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना दोन बाजूंच्या प्रकाशानं जो उठाव दिला होता, तो पहिल्यांदा नीट दिसला.

हिरवी झाक आणि हरवलेला लाल

तापमानाचा स्लायडर निळ्या-पिवळ्या रेषेवरच फिरतो. तापलेल्या वस्तूच्या रंगापासून जो प्रकाश बाजूला सरकलेला असतो, त्याला ही रेषा पुरत नाही. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि तिच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरला हिरव्याची एक ठळक रेघ असते. डोळा ती सहन करतो, फोटोत मात्र कातडी हिरवट, आजारी दिसते. त्यासाठी टिंट नावाचा दुसरा स्लायडर असतो, हिरव्याकडून जांभळट गुलाबीकडे नेणारा. आधी टिंट जाग्यावर आणा आणि नंतर तापमान. उलट क्रमानं केलंत तर हिरवेपणा पिवळेपणाच्या आड लपतो आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता. भिंतीवरून किंवा गवतावरून उसळून आलेल्या हिरव्यालाही टिंटच लागतो, पण त्यापेक्षा माणसाला दोन पावलं लांब न्या.

एलईडीचं दुखणं अजून खोल आहे. बहुतेक पांढरे एलईडी मुळात निळे असतात, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे, आणि त्यांच्यावरचं पिवळं फॉस्फर (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकणारं द्रव्य) बाकीचे रंग भरून काढतं. हलक्या दिव्यात गडद लाल भरून निघतच नाही. जो रंग प्रकाशात नाही तो वस्तूवरून परत येणार नाही आणि कुठलाही स्लायडर तो आणू शकत नाही. करडा कागद अगदी बरोबर करडा दिसत असतानाही ओठ विटलेले आणि कातडी मेणासारखी दिसत असेल, तर हे कारण. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा ८ फिकट नमुन्यांच्या सरासरीचा असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो आर९ या नावानं वेगळा दिलेला असतो. माणसांच्या फोटोंसाठी दिवा घेताना सीआरआय ९५ च्या वर आहे का ते बघाच, पण आर९ किती आहे तेही शोधा.

कमी दाबाचा सोडियम दिवा हे या दुखण्याचं टोक. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या एका पिवळ्यात असतो. तिथे रंग दुरुस्त करत बसू नका, फोटो कृष्णधवल करा.

दर फोटोला रंग बदलतो

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५०० ला ठेवलं तर प्रत्येक फोटो त्या चढउताराच्या वेगळ्याच क्षणी पकडला जातो, आणि ट्यूबमधलं फॉस्फर सगळ्या रंगांत सारख्या वेगानं मावळत नसल्यामुळे उजेडाबरोबर रंगही बदलतो. शटर १/५० किंवा १/१०० ला आणा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळायची सोय असेल तर ती चालू करा. काही एलईडी मंद केल्यावर आपल्या वेगळ्याच वेगानं लुकलुकतात. दिव्याखाली पेन झपझप हलवून पाहा: सलग पुसट पट्ट्याऐवजी सुटे सुटे पेन दिसले तर तो दिवा बदला.

पांढरं कशावर मोजायचं

घाईत सगळे पांढऱ्या कागदावर मोजतात, आणि नेमका तोच फसवतो. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात अशी द्रव्यं घालतात जी अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश सोडतात. उन्हात असा कागद मुळातच निळसर असतो, कॅमेरा ते निळं मारतो आणि फोटो पिवळा होतो. धुऊन लखलखीत केलेल्या पांढऱ्या सदऱ्याचंही तसंच. खास बनवलेलं ग्रे कार्ड, म्हणजे शुद्ध करड्या रंगाचं कार्ड, घ्या. ते नेमका १८ टक्के प्रकाश परत फेकणारंच असायला हवं असं नाही, ते कुठल्याही रंगाकडे झुकलेलं नसलं म्हणजे झालं.

कार्ड चेहऱ्याच्या जागी धरा, कॅमेऱ्याजवळ नाही. मुख्य प्रकाशाकडे किंचित कललेलं असू द्या, चमक येत असेल तर कोन बदला. आणि आपण काय घातलंय ते बघा: लाल शर्ट घालून हातभर अंतरावरून मोजलंत तर त्या शर्टाचा लाल कार्डावर उतरतो. प्रकाश बदलला, ढग आला, जागा हलवली की पुन्हा एकदा मोजा.

रॉ फाइल घेत असाल तर व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी पोचतो. नंतर निळा दुपटी-तिपटीनं वाढवला की त्यातले दाणेही तेवढेच वाढतात, म्हणून सावल्यांमध्ये निळी वाळू पसरल्यासारखी दिसते. दुसऱ्या बाजूला लाल लवकर भरून वाहतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. लालाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर कमी करा, कारण गालावरचा जळालेला लाल रॉमधूनही परत येत नाही. कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या जेपेग फाइलमध्ये तर रंग शिजूनच बाहेर येतो, तिथे फोटो काढतानाच बरोबर आकडा टाका.

हे सगळं करूनही फोटो दुसऱ्यांच्या पडद्यावर निळे दिसत असतील, तर तुमचा पडदा तपासा. एकदा एका जोडप्याचे दोनशेच्या वर फोटो मी रात्रभर बसून दुरुस्त केले आणि सकाळी ते सगळे बर्फात काढल्यासारखे दिसले. संगणकाचा रात्रीचा मोड संध्याकाळपासून चालू होता. पडदा हळूहळू पिवळा होत गेला, माझ्या डोळ्यांनी ते पांढरं मानलं आणि मी प्रत्येक फोटोतलं नसलेलं पिवळं काढत राहिलो. तो मोड आता त्या संगणकावर कायमचा बंद आहे. पडदा ६५०० केल्विनला कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजून जुळवलेला, आहे, मागची भिंत करडी आहे आणि टेबलावरचा दिवा काम करताना पडद्यावर पडत नाही. तरीही रात्री दुरुस्त केलेले फोटो मी त्याच रात्री पाठवत नाही. सकाळी ग्रे कार्डाचा फोटो उघडतो आणि करड्यावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात का, ते पाहतो. डोळा थकलेला असला तरी ते आकडे थकलेले नसतात.